संध्याकाळचा फोटो भारी आहे, मग 'रिजेक्टेड' का?

जासईजवळच्या दास्तान फाट्यावर जानेवारीत संध्याकाळी साडेसहाला उभे राहिलात, तर हात आपोआप मोबाईलकडे जातो. आभाळ निळं-जांभळं झालेलं असतं, बंदराकडे निघालेल्या ट्रेलरच्या लाल दिव्यांची रांग लागलेली असते आणि पलीकडे चिर्ल्याला अटल सेतूवरून उतरणारे रस्ते उजळलेले असतात. सलग चार संध्याकाळी मी तिथे फोटो काढले. त्यातले निवडक १२ एका स्टॉक फोटो साइटवर टाकले. ११ परत आले!

इन्स्टावर याच फोटोंना मित्रांनी 'कडक' म्हटलं होतं. आधी राग आला. मग प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं कारण नीट वाचलं. पाच फोटोंना 'नॉइज', दोनांना 'फोकस', तिघांना 'ट्रेडमार्क' आणि एकाला 'दुसऱ्या फोटोसारखाच' असा शेरा होता. ही कारणं समजून घेतली की कळतं, साइट फोटो सुंदर आहे का एवढंच बघत नाही. विकत घेणाऱ्याला तो मोठा करून, अडचणीशिवाय वापरता येईल का, हे ती बघते.

मोबाईलच्या स्क्रीनवर दिसत नाही ते

आपण फोटो सहा इंचांच्या स्क्रीनवर बघतो. तपासताना तो १०० टक्के झूम करून बघितला जातो. तुम्हीही तसं करून बघा. आभाळात बारीक रंगीत दाणे दिसतील. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो. उजेड कमी झाला की फोन आयएसओ वाढवतो, म्हणजे मिळालेला सिग्नल ताणतो, आणि त्यासोबत खरखरही मोठी होते. हाच नॉइज.

नाईट मोड आहे की, असं तुम्ही म्हणाल. नाईट मोड एकामागोमाग अनेक फोटो काढून ते एकत्र करतो आणि दाणे पुसतो. पण दाण्यांसोबत बारकावेही पुसले जातात. माझ्या फोटोत मागच्या डोंगरावरची झाडं रंगाचा लगदा झाली होती आणि चालत्या ट्रेलरच्या कडा दुहेरी आल्या होत्या. स्क्रीनवर ते छान दिसतं, मोठ्या बॅनरवर नाही.

दुसरी भानगड रंगांची. जुन्या सोडियम दिव्याचा उजेड जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असतो, एलईडीचा पांढरा, आभाळ निळं. फोन व्हाइट बॅलन्स कुठल्या तरी एकालाच धरून ठरवतो, बाकीचे बिघडतात. मग आपण एडिटिंगमध्ये आभाळ ताणतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. त्या ताणल्या की गुळगुळीत आभाळात पट्टे उमटतात.

एक चूक तर निव्वळ आळशीपणाची. फोटो लॅपटॉपवर घ्यायला मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवले. साध्या सेटिंगवर व्हॉट्सॲप फोटो दाबून दोन मेगापिक्सेलच्या आसपास आणतं. मोठ्या साइट्सना किमान चार मेगापिक्सेल लागतात. आता मी केबलनेच घेतो.

वेळ आपल्याकडे कमी असते

युरोपातल्या यूट्यूबरचं ऐकून 'ब्लू अवर' म्हणजे तासभर, असं समजू नका. सूर्य मावळल्यापासून क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश आपल्याकडे बावीस-तेवीस मिनिटं टिकतो. लंडनमध्ये उन्हाळ्यात तो याच्या दुपटीच्या आसपास असतो. आपल्याकडे सूर्य जास्त सरळ खाली जातो, म्हणून अंधार झटकन पडतो.

माझा पास झालेला एकमेव फोटो सगळ्यात साधा होता. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांत काढलेला, फोन कठड्याला टेकवून, टायमर लावून, झूम न करता. बाकीचे 'अजून दिवे लागू देत' म्हणत उशिरा काढलेले. आणि हो, लेन्स पुसा. ट्रेलरची धूळ आणि बोटांचं तेल यांमुळे प्रत्येक दिव्याला शेपटी फुटते.

दिवे लागले की नावं उजळतात

ट्रेडमार्कवाले तीन फोटो तांत्रिकदृष्ट्या बरे होते. पण कंटेनरवर शिपिंग कंपन्यांची नावं होती आणि एका फोटोत पेट्रोल पंपाची पाटी. दिवसा पाटी गर्दीत लपते, संध्याकाळी तीच फोटोतली सगळ्यात चमकदार गोष्ट होते. संध्याकाळचे शहरी फोटो इथे जास्त अडकतात.

फोटो दोन प्रकारे विकला जातो. 'कमर्शियल' म्हणजे जाहिरातीसाठी. त्यात ओळखू येणारा चेहरा असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते आणि लोगो चालत नाही. 'एडिटोरियल' म्हणजे बातमी-लेखासाठी. तिथे लोगो बहुतेक वेळा चालतो, पण ठिकाण-तारखेसह खरी कॅप्शन लागते आणि फोटोत काही पुसायचं-जोडायचं नाही.

इमारतींचं काय? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सांगतं की इमारतीचा फोटो काढणं, छापणं हे उल्लंघन नाही. पण ट्रेडमार्क वेगळा. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये इमारतीच्या रूपाचाच ट्रेडमार्क घेतला. आयफेल टॉवर दिवसा चालतो, पण त्याची रात्रीची रोषणाई संरक्षित मानली जाते. फोटो जगभर विकायचा असल्याने साइट कुठलाच धोका घेत नाही.

मग हा उद्योग करायचा का?

पैशांसाठीच असेल, तर हिशेब आधी बघा. ॲडोबी स्टॉक फोटोमागे ३३ टक्के देतं. शटरस्टॉकवर २०२० पासून वाटा १५ ते ४० टक्के आहे आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर येतात. जानेवारी २०२५ मध्ये गेटी इमेजेस आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याची घोषणा केली. विकत घेणारे मोजके उरले की भाव ठरवण्याची ताकद फोटो काढणाऱ्याकडे राहत नाही. त्यात 'संध्याकाळचं भारतीय शहर' असं लिहून एआय मिनिटात चित्र देतं. तुमची नुसती सुंदर स्कायलाइन त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही.

पण अमुक तारखेला चिर्ल्याचा रस्ता खरोखर कसा दिसत होता, हे एआय सांगू शकत नाही. माझा सगळा विचार इथेच बदलला. जासई हे दि. बा. पाटलांचं गाव. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल खूप बोललं जातं, पण फोटो एकही नाही. तेव्हा कॅमेरा कोणाकडे होता! गेल्या काही वर्षांत इथे सेतू आला, उरणपर्यंत लोकल आली, शेजारी विमानतळ झाला. गाव पुन्हा बदलतंय, आणि या वेळी कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून दुसऱ्या वेळी मी सहाच फोटो पाठवले, सगळे एडिटोरियल. चार पास झाले. आतापर्यंतची कमाई दोन वडापावांइतकी आहे. कॅप्शनमध्ये 'मुंबई' टाकलं असतं तर कदाचित जास्त लोकांना दिसले असते. मी लिहिलं, 'जासई, उरण तालुका, रायगड', आणि खाली तारीख. तुमच्या गावचा फोटो टाकाल तेव्हा गावाचं नाव खरं लिहा. लेन्स मात्र आधी पुसा.