छापील वारली आणि हातची वारली

सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात वारली आकृत्यांच्या छापील साड्यांचे ढीग मी पाहिले. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील मोठे केंद्र. तेथे तारप्याचा नाच एकदा यंत्रावर चढला की त्याच्या हजारो प्रती निघतात. स्वस्त, टिकाऊ साडी कोणी नेसू नये, असे मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की मूळ आकृतीत उतरलेले मन या प्रतीत येते काय?

ही कला मूळची स्त्रियांची. लग्नघरी शेणाने सारवून गेरूने रंगविलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मधोमध पालघाट देवी. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. त्याच समाजातील जिव्या सोमा मशे यांची लहानपणी आई गेली आणि वाचाच बसली. ते पोर धुळीत रेघा ओढून मनातले सांगू लागले. पुढे १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे पाहावे. असंख्य बारीक रेघा, आणि प्रत्येकीत हाताचा वेगळा दाब!

आपल्या बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांनी स्वरलिपीही सिद्ध केली. मी ती लिपी मुलांना शिकवितो. परंतु दरबारी गवई असलेले माझे वडील म्हणत, लिपी आठवणीसाठी; मींड कागदावर मावत नाही. छापील वारली ही अशीच लिपी होय. तीवरून राग ओळखतो, गाणे ऐकू येत नाही.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली. पण अशा नोंदीने रक्षण होते ते मुख्यतः नावाचे. हाताला काम गिऱ्हाईकच देणार. म्हणून व्यापाऱ्याने मालावर ‘छापील’ असे स्वच्छ लिहावे, आणि आपण आहेर घेताना विचारावे, हे काढले कोणी? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हाताने लिहिणारे आजही आहेत. सुरतेहून ती वाट आगगाडीने दोन-तीन तासांची. तेवढे अंतर आपण तोडले नाही, तर आकृती घरोघर राहील आणि ती काढणारा मात्र मजुरीला जाईल.