हसतमुख राहू नका, तारखा मोजा

तुरुंगातल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर भेटायचं तर काय तयारी करायची, याचे सल्ले सगळीकडे सारखेच. उजेड समोरून येऊ द्या. नीटनेटके कपडे घाला. रडू नका, घरची वाईट बातमी सांगू नका, हसतमुख राहा. वाचून वाटावं, स्थळ बघायला चाललोय.

मला या सल्ल्यांचा राग येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. असा माणूस आत का आहे आणि किती दिवस राहणार, हे विचारायचं सोडून आपण त्याच्या आईला पदर नीट घ्यायला सांगतोय!

सरकारी 'ई-मुलाकात' ही सोय चांगलीच आहे. लातूरकडच्या खेड्यातून तळोजा गाठायचं तर भाडं जातं, मजुरी बुडते, ते वाचतं. पण फॉर्ममध्ये ओळखपत्राचा नंबर, मोबाईल, ई-मेल, सगळं भरायचं. मग ओटीपी, मग तुरुंगाची मंजुरी, मग लिंक. त्या आईकडे ई-मेल कुठला? फॉर्म भरणार भाचा, नाहीतर शेजारचा कॉलेजातला पोरगा. म्हणजे तुम्ही. म्हणून हे तुम्हालाच सांगतोय.

फोन हातात आहेच, तर आधी ई-कोर्ट्सचं ॲप उघडा. केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. मग घरच्यांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: अटक कधी झाली, कलमं कुठली लागली, आधी कधी शिक्षा झाली आहे का.

आता हिशोब. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून आत काढला असेल तर जामीन. आधी कधीच दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांशच पुरे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा अडकलेल्यासाठी एक वर्ष. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी अडतं. पण जुन्या प्रकरणांनाही हे कलम लागू आहे, हे ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालंय.

मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवायचं काम कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकलंय. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३चा आदेश आहे. पण जामीनदार मिळत नाही म्हणून आतच राहिलेली माणसं आहेतच. तेव्हा तुम्ही विचारत राहा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

हे सगळं कॉलच्या आधी उरका. कॉलवर गुन्ह्याचा तपशील काढूच नका. ते बोलणं खासगी नसतं, तो विषय वकिलाजवळ. कागदाचं काम आधी झालं की ती थोडी मिनिटं आईची. तिला रडायचं तर रडू दे. म्हशीबद्दल बोलायचं तर म्हशीबद्दल बोलू दे.

आणि 'व्हिडिओ झाला ना, आता प्रत्यक्ष कशाला' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कुटुंबाला भेटणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलीन खटल्यात मान्य केलंय. स्पर्शाचं मोल तर आपल्या तुरुंग खात्यालाही कळतं, म्हणून तर कैद्यांची आणि त्यांच्या मुलांची 'गळाभेट' ते घडवून आणतं. प्रत्यक्ष भेटीची नोंदणीही त्याच ई-मुलाकातवर होते. व्हिडिओ झाला की तिचाही फॉर्म भरून टाका.