जुन्या मोटारीची घरगुती चिकित्सा

एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, चिरंजीव इंग्लंडांत नोकरीस असून त्यांनीं तेथें 1966 सालची एम्.जी.बी. नांवाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली आहे. सुटीचा दिवस ते तिच्याखालीं निजून घालवितात. तर हा नाद बरा कीं वाईट? नादाचें बरेंवाईट खर्चाच्या वहीनें ठरवावें. मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ती मोटार चालविण्यास निर्धोक आहे कीं नाहीं, हें पाहतो कोण? ग्रेट ब्रिटनमध्यें 20 मे 2018 पासून चाळीस वर्षें उलटलेल्या व मूळ रचनेंत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांवर वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाहीं. गाडी सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर कायम आहे. म्हणजे परीक्षक गेला आणि परीक्षा राहिली! म्हणून चिरंजिवांनीं खालीं निजावें हेंच योग्य. फक्त कसें निजावें व काय पाहावें, तें आज सांगतों.

ही जात ॲबिंग्डन येथें 1962 पासून 1980 पर्यंत तयार होत होती आणि पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यामुळें सुटे भाग अद्याप विपुल मिळतात. तिचें 1798 घनसेंटिमीटरचें एंजिन आपल्याला परकें नाहीं. उत्तरपाड्यास 2014 पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसडरमध्यें पुष्कळ वर्षें जें 1489 घनसेंटिमीटरचें एंजिन बसविलें जाई, तें ह्याच घराण्यांतलें. आमच्या घरीं अँबॅसडर होती, तेव्हां ह्या कुळाच्या खोड्यांशीं माझा थोडाबहुत परिचय आहे.

गाडी चालूं होत नाहीं म्हटल्याबरोबर नवशिका कार्बुरेटर खोलून बसतो. हें निदानापूर्वीं औषध देण्यासारखें झालें. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक येथें फार उपयोगी पडतो : अमुक असतां दोष असतो काय, आणि तें काढलें असतां दोष जातो काय? एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी चालूं झाली, तर कोणत्या उपायानें झाली हें कळत नाहीं, आणि मग मनुष्य कावळा बसायला व फांदी मोडायला गांठ पडली तिलाच कारण समजून चालतो.

प्रथम कान द्यावा. किल्ली फिरवितांच मागच्या बाजूस पेट्रोलचा विजेचा पंप टिक्‌टिक् करतो व कार्बुरेटरचीं भांडीं भरलीं कीं थांबतो. आवाजच नसेल तर पंपाचे स्पर्शबिंदू मळलेले असण्याचा संभव अधिक. हलका ठोका मारतांच तो जागा झाला तर निदान पक्कें. टिक्‌टिक् थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, कोठें हवा शिरते आहे, किंवा पेट्रोल वाहून जात आहे. मैलभर जाऊन गाडी बंद पडते व थोड्या वेळानें पुनः चालते, अशी तक्रार असेल तर टाकीचें झांकण सैल करून पाहावें. हवा आंत ओढली गेल्याचा आवाज आला, तर टाकीची श्वासनलिका बुजलेली आहे. तसें नसेल तर तापल्यावर दगा देणाऱ्या कंडेन्सरचा संशय घ्यावा.

पुष्कळदां कार्बुरेटरवर घेतलेला आळ अखेर विजेवर येतो. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांचें अंतर पंधरा सहस्रांश इंच असावें, प्लगचें पंचवीस. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक. पांढरेंफटक असेल तर उणें. आणखी एक : 1967 पूर्वींच्या ह्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे, आजच्या रीतीच्या नेमकें उलट. हें न पाहतां नवें उपकरण जोडलें तर तें तत्काळ निकामी होईल.

व्हॉल्व्हांचें अंतर एंजिन थंड असतां पंधरा सहस्रांश इंच ठेवावें, म्हणजे पॉइंटांचीच पट्टी चालते. येथें एक गणिती गंमत आहे, ती मला व्याकरणाच्या सूत्रासारखी प्रिय वाटते. व्हॉल्व्ह आठ आहेत. आठवा पूर्ण उघडला असतां पहिला तपासावा, सहावा उघडला असतां तिसरा, चौथा उघडला असतां पांचवा. बेरीज नेहमीं नऊ. अँबॅसडरलाही हाच नियम लागू.

आतां खरी चिंतेची गोष्ट. 1966 च्या गाडींत चारही चाकांच्या ब्रेकांस द्रव पुरविणारी व्यवस्था एकच आहे. एक नळी फुटली कीं पायाखालचा ब्रेक सर्वस्वीं गेला. मग हातब्रेकावर भिस्त. म्हणून पेडल दाबून मिनिटभर तसेंच धरावें. तें हळूहळू खालीं जाऊं लागलें तर गाडी जागची हलवूं नये. रबरी नळ्या वाकवून बारीक भेगा पाहाव्या. ब्रेकचा द्रव हवेंतील ओलावा शोषतो. ओला द्रव उष्णतेनें लवकर उकळतो आणि आंतून गंज आणतो. दोन वर्षांनीं तो बदलावाच. त्यांत एंजिनाचें तेल ओतणें म्हणजे रबरी वायसरांचा नाश. मागच्या ड्रममधील धूळ फुंकूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्यानें टिपावी.

उघड्या गाडीस छप्पर नाहीं. तिचा कणा म्हणजे दारांखालच्या पोकळ पोलादी पट्ट्या, आणि गंज नेमका तेथेंच आंतून लागतो. वरचा रंग मात्र चकचकीत असतो. जॅकनें एक बाजू उचलतांच दाराभोंवतालची फट आवळत असेल, तर ती गाडी आधीं जोडाऱ्याकडे न्यावी. आणि जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही जाऊं नये. भक्कम घोड्या लावून, मागील चाकांस अडसर देऊन, गाडी हालवून पाहून मगच निजावें. मातोश्रींनीं पत्रांत एवढें एक वाक्य अवश्य घालावें.

पेट्रोलविषयीं : तेथें सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलांत शेंकडा दहापर्यंत एथेनॉल असतें, आणि तें जुन्या रबरास मऊ करतें. पांच टक्क्यांचें महाग पेट्रोल घ्यावें आणि पंपापासून कार्बुरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या एथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्या. नळीवर बोट फिरवून वास घ्यावा. वास आला तर ती त्याच दिवशीं बदलावी.