महामार्गाआधी पुरातत्त्वज्ञ

इंग्लंडमध्ये केंब्रिज ते हंटिंग्डन या सुमारे 34 किलोमीटरच्या पट्ट्यात ए-14 महामार्ग नव्याने बांधायचा ठरला, तेव्हा रोलर फिरण्याआधी तिथे पुरातत्त्वज्ञ उतरले. 2016 ते 2018 या काळात, काम ऐन भरात असताना, त्यांची संख्या 250पर्यंत गेली होती. वरून पाहिलं तर नुसती शेतं. पण खाली नवाश्मयुगातली तीन वर्तुळाकार विधिस्थानं, सात प्रागैतिहासिक दफनभूमी, लोहयुगीन व रोमन काळातल्या पंधरा वस्त्या आणि भांडी भाजायच्या चाळीस भट्ट्या निघाल्या. एका जागच्या मातीत जळून काळे झालेले बारीक कण होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते बिअर बनवतानाचे अवशेष ठरले, कदाचित इ.स.पू. 400च्या सुमाराचे. ब्रिटनमध्ये बिअर गाळल्याचा इतका जुना पुरावा तोवर हाती आला नव्हता.

असले कण जेसीबीच्या चालकाला दिसणं शक्यच नाही. त्यासाठी कामाचा क्रम ठरलेला असावा लागतो. आधी जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं तपासायची, मग चुंबकीय मापनाने जमिनीखालचे खंदक व चुली हुडकायच्या, ठरावीक अंतरावर चाचणीचे चर खणायचे. काही हाती लागलं की बिनदाती बकेटने वरची माती अलगद सोलायची आणि पुढचं सगळं हातानं. कुजून गेलेल्या लाकडी खांबाची खूण म्हणजे मातीच्या रंगातला गोल डाग, एवढीच उरते. तेवढ्यावरून घराचा आकार कळतो.

यामुळे रस्ते रखडतात, हा आक्षेप ठरलेला. ए-14चा खर्च दीड अब्ज पौंड होता आणि हा महामार्ग 2020च्या मे महिन्यात, मुदतीच्या आधीच वाहतुकीला खुला झाला. उत्खनन वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच धरलेलं होतं. जमीन उकरणाऱ्यानेच तिच्यातल्या अवशेषांच्या नोंदीचा खर्च करायचा, ही रीत ब्रिटनमध्ये 1990च्या दशकापासून रुळली आहे.

अर्थात उत्खनन म्हणजे जतन नव्हे. आयर्लंडमध्ये तारा टेकडीजवळ एम-3 महामार्गाच्या वाटेत 2007 साली लिसमुलिन इथे लोहयुगीन खांबांचं मोठं वर्तुळ सापडलं. ते राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं, तरीही नोंदी करून त्यावरूनच रस्ता गेला. म्हणूनच शोध आखणीच्या आधी घ्यायला हवा, रस्ता थोडा वळवता येतो तेव्हा.

भारतात कायदा आहे, पण तो मुळात यादीतल्या जागांसाठी. 1958चा कायदा आणि 2010ची दुरुस्ती यांनी केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रण घातलं. अशी स्मारकं देशभरात सुमारे 3,700. यादीत नाव नसलेली, अजून कुणी पाहिलेलीच नसलेली वस्ती रस्त्यात आली, तर तिच्या बाजूने कोण बोलणार?

आपल्याला हे जमत नाही, असंही नाही. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंडा खोऱ्यात 1954 ते 1960 या काळात अश्मयुगापासूनचे थर खणले गेले आणि निवडक वास्तू उंचावर हलवून पुन्हा उभारल्या गेल्या. जे धरणासाठी सत्तर वर्षांपूर्वी केलं, ते महामार्गासाठी आज का होऊ नये?

महाराष्ट्राच्या जमिनीत तर पुष्कळ काही आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 खणलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. घरातच, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरलेली बाळं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांचं दुःख त्या मडक्यांतून आपल्यापर्यंत पोचलं. अशा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडातली माती भरावासाठी उचलली गेली असती, तर यातलं काहीच कळलं नसतं. विदर्भात जुनापाणी, माहुरझरीची शिळावर्तुळं आहेत. कंत्राटदाराला ती दगडांच्या राशी वाटली, तर दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

वर्ध्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सुमारे 800 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग नियोजित आहे. त्याचं एक टोक शिळावर्तुळांच्या प्रदेशात, दुसरं कातळशिल्पांच्या. त्याच्या आखणीवर वाद चालू आहे, म्हणजे नकाशा अजून बदलू शकतो. सरकारने निविदा काढण्याआधी डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठ आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांच्याकडून पूर्ण मार्गाची पायी पाहणी करून घ्यावी, तिचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा आणि अहवाल भूसंपादनाआधी मराठीत लोकांसमोर ठेवावा.