कार्ड बसते, पण चालत नाही

विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरच्या जुन्या लॅपटॉपचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. नवा लॅपटॉप परवडत नसेल, तर लिनक्स टाकून जुनाच वापरणे हा एक मार्ग उरतो. त्यासोबत वेगवान एसएसडी आणि नवे वाय-फाय कार्ड बसवण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अडचण नेमकी या कार्डांपाशीच येते.

पहिली गफलत आकारामुळे होते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि एमसॅटा अशा दोन प्रकारच्या जागा असत. दोन्हींचा जोड दिसायला सारखा, ५२ पिनांचा; पण त्यातून धावणारे विद्युत संकेत वेगळे. त्यामुळे एमसॅटा एसएसडी वाय-फाय कार्डाच्या जागी व्यवस्थित बसते, पण संगणकाला दिसतच नाही. नंतर आलेल्या एम.२ जोडातही हाच घोळ आहे. काही जागा फक्त सॅटा पद्धतीच्या, तर काही फक्त एनव्हीएमई पद्धतीच्या एसएसडीला ओळखतात. खाचा जुळल्या म्हणजे पद्धतही जुळली, असे नाही.

वाय-फाय कार्डाची गंमत आणखी वेगळी. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डे जवळजवळ जुळी वाटतात. पहिले स्वतंत्रपणे चालते. दुसऱ्याचे निम्मे काम इंटेलच्या ठरावीक नव्या चिपसेटमध्ये होते आणि कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग असतो. जुन्या यंत्रात ते निकामी ठरते. एका आकड्याच्या फरकाने ग्राहकाचे पैसे वाया जातात.

या झाल्या तांत्रिक मर्यादा. पण एक अडथळा माणसाने मुद्दाम घातलेला आहे. लेनोवो आणि एचपी यांच्या अनेक जुन्या मॉडेलांच्या बायोसमध्ये मान्यताप्राप्त वाय-फाय कार्डांची यादीच घातलेली असे. यादीबाहेरचे कार्ड, मग ते विजेच्या दृष्टीने पूर्ण जुळणारे का असेना, लावले की पडद्यावर इशारा झळकतो आणि संगणक सुरूच होत नाही. रेडिओ उपकरण आणि अँटेना यांना नियामकाची मान्यता एकत्रित मिळते, असे समर्थन यामागे दिले जाते. ते अगदीच निराधार नाही. मात्र यादी पुढे वाढवली गेली नाही, तर चांगले यंत्र केवळ एका कार्डापायी मागे पडते.

याची किंमत फक्त ग्राहक मोजत नाही. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातला बराच कचरा उघड्यावर तोडला-जाळला जातो आणि त्यातील शिसे व इतर विषारी द्रव्ये ते काम करणाऱ्यांच्या, त्यांच्या मुलांच्या शरीरात जातात.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापणे बंधनकारक झाले. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा निर्देशांकासाठी समिती नेमली. तिचा पहिला भर मोबाइल आणि टॅब्लेटवर राहिला. लॅपटॉपची पाळी येईल तेव्हा सुटे भाग मिळतात का, एवढेच विचारून भागणार नाही. बाहेरून आणलेला भाग यंत्र स्वीकारते का, हेही गुण देताना पाहावे लागेल.

तोवर काळजी ग्राहकानेच घ्यायची आहे. कार्ड घेण्याआधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक पाहून कंपनीची सेवा-पुस्तिका वाचावी. जुने कार्ड काढून त्यावरील जोडाचा प्रकार तपासावा. आणि चालले नाही तर परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्यापूर्वीच विचारावे.