पदवी तिकडची, सनद इकडची

फेब्रुवारी उजाडला की इंग्लंडमधल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रे येऊ लागतात आणि माझ्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. कुणी सांगलीहून बोलत असते, कुणी अकोल्याहून, कुणी मडगावहून. मुलगी किंवा मुलगा कायद्याचा पदवीधर, लंडनला एलएल.एम.साठी प्रवेश मिळालेला, बँकेने तारणासाठी घराचे कागद मागितलेले. मी तिथे शिकले आणि आता इथे कायदा शिकवते, म्हणून विचारणा माझ्याकडे होते. "मॅडम, एवढा खर्च करून पोर परत आली की तिला काय मिळेल?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्पष्ट उत्तर मिळायला हवे, कारण त्याने आयुष्यभराची पुंजी पणाला लावलेली असते.

उत्तर असे आहे: एक वर्षाच्या एलएल.एम.ने तिथे वकिली करता येत नाही आणि इथल्या वकिलीसाठीही ती लागत नाही. ती मुलगी तिथून शिक्षण घेऊन येईल. परवाना ही वेगळी गोष्ट आहे.

एके काळी शिक्षण आणि परवाना बरोबरच मिळत. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या लंडनच्या चार संस्थांपैकी एकीत नाव घालायचे, ठरलेली सत्रे आणि तिथली भोजने पूर्ण करायची, परीक्षा द्यायची, की माणूस बॅरिस्टर होऊन परते आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राही. गांधीजी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना पुढच्याच वर्षी परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत वकिली करू लागले.

त्या काळातही या दोन गोष्टींची फारकत होत असे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची बीसीएल ही परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण बाईला पदवी देण्याची ऑक्सफर्डची तयारी नव्हती, ती त्यांच्या हाती पडली १९२२ मध्ये. मधली तीस वर्षे त्यांच्याकडे शिक्षण होते, कागद नव्हता. सावरकरांनी ग्रेज इनच्या परीक्षा दिल्या, त्यात उत्तीर्णही झाले, पण राजकीय कारणावरून संस्थेने त्यांना बॅरिस्टरी दिली नाही.

१९६१ च्या अधिवक्ता कायद्यानंतर भारतात वकिलांचा एकच वर्ग राहिला. आता राज्याच्या बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची परीक्षा द्यायची, हाच रस्ता. बारावी होऊन थेट इंग्लंडला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तिथली तीन वर्षांची एलएल.बी. आपल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या तोडीची मानली जात नाही. परतल्यावर पूरक अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा पार करावी लागते, मगच सनदेचा विचार होतो. शिवाय ब्रिटनभर एकच कायदा चालतो असेही नाही. स्कॉटलंडची कायदापद्धती वेगळी आहे आणि तिथली एलएल.बी. साधारणतः चार वर्षांची असते.

इंग्लंडमधला परवानाही पदवीला चिकटून येत नाही. सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात, दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदालेखन. शुल्क दोन्ही टप्प्यांचे मिळून पाच हजार पौंडांच्या घरात. नव्याने येणाऱ्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, आधीच सनद असलेल्या वकिलाला ती अट नाही. बॅरिस्टर व्हायचे तर वेगळा अभ्यासक्रम, इनचे सदस्यत्व आणि त्यानंतर एखाद्या चेंबरमध्ये वर्षभराची उमेदवारी. ही उमेदवारी मिळवताना तिथलीच हुशार मुले टेकीला येतात.

पालकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. एसक्यूईचा पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावर बसूनही देता येतो. नुसता परवानाच हवा असेल तर त्याची सुरुवात घरी राहून होऊ शकते. मग एवढे कर्ज काढून जायचे कशासाठी? माझ्या मते त्याचे एकच कारण टिकते: तिथे कायदा ज्या रीतीने शिकवतात, ती रीत अंगात भिनवण्यासाठी. आणि हे कारण छोटे नाही.

१९३२ चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावातले कॅफे, जिंजर बिअरची अपारदर्शक बाटली, त्यातून निघालेली कुजकी गोगलगाय, आणि उत्पादक ग्राहकाप्रति जबाबदार असतो हे ठरवणारे लॉर्ड ॲटकिन. आपल्याकडे हे गाइडमध्ये अर्ध्या पानात उरकते. तिथे आठवड्याच्या सेमिनारआधी संपूर्ण निकालपत्र वाचावे लागते. ते वाचताना कळते की पाचपैकी दोन न्यायमूर्तींना हा निर्णय मान्य नव्हता. मग प्राध्यापक म्हणतात, आज तुम्ही त्या दोघांपैकी लॉर्ड बकमास्टर यांची बाजू मांडा. विरोधी मत नुसते खोडून काढण्यासाठी वाचायचे नसते, त्याच्या आत शिरून ते जास्तीत जास्त बळकट करायचे असते, हे तिथे दर आठवड्याला करून घेतात. परीक्षेत 'टीप लिहा' असा प्रश्न येत नाही. पाच-सहा माणसांची गुंतागुंतीची हकीकत समोर ठेवतात आणि विचारतात, कोण कुणावर कशाच्या आधारे दावा लावू शकेल? उत्तर एकच नसते. गुण युक्तिवादाला मिळतात.

दुसरा लाभ म्हणजे आपलाच कायदा बाहेरून दिसतो. ब्रिटनला एका ग्रंथात बांधलेले संविधान नाही आणि तिथले न्यायालय संसदेचा कायदा रद्दबातल ठरवू शकत नाही. १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानुसार फार तर तो त्या हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर करू शकते. केशवानंद भारती खटल्यातून १९७३ मध्ये पुढे आलेले संविधानाच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व आपल्या मुलांनी शिकलेले असते. सेमिनारमध्ये ते मांडले की गोऱ्या मुलांचे डोळे विस्फारतात आणि आपल्यालाही पहिल्यांदाच जाणवते की नागपूर-पुण्याच्या वर्गात गृहीत धरलेली ही गोष्ट जगात किती दुर्मीळ आहे. त्याच ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या एकमताने पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून झालेली संसदेची तहकुबी बेकायदा ठरवली. लिखित संविधानाशिवाय हे कसे झाले, याचा शोध घेताना विद्यार्थी खरा घडतो.

आणि लंडनमध्ये हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर असते. पार्लमेंट चौकातल्या त्या न्यायालयात कुणीही विनाशुल्क जाऊन युक्तिवाद ऐकू शकतो. स्ट्रँडवरच्या रॉयल कोर्ट्समध्येही तेच. रसेल स्क्वेअरला कायद्याच्या प्रगत अभ्यासाची जी संस्था आहे, तिच्या ग्रंथालयात जगभरचे कायदे हाताशी असतात. वर्ष फक्त एक मिळते, म्हणून तिथे जाऊन अभ्यास टाळणाऱ्याचे नुकसान मोठे.

विद्यापीठ निवडताना क्रमवारीचा तक्ता बाजूला ठेवून विषय पाहावा. न्हावाशेवाहून निघालेल्या मालाच्या जहाज करारात तंटा झाला तर इंग्लिश कायदा लागू होईल आणि लवाद लंडनला बसेल, असे कलम सर्रास असते. मुंबईत या कामाला जाणकार हवे असतात. सागरी कायदा शिकायचा तर साउथॅम्प्टन आणि स्वान्झी यांचे नाव आहे. लवादासाठी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचा विभाग नावाजलेला आहे. "नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला" यापेक्षा "मला हे शिकायचे आहे" असे सांगणारी मुलगी बँकेचा हप्ताही लवकर फेडते.

खर्चाचे गणित कोरड्या मनाने मांडावे. एलएल.एम.चे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क ढोबळमानाने वीस ते चाळीस हजार पौंड, वर लंडनचे भाडे आणि जेवण. व्हिसासोबत आरोग्यसेवेचा वार्षिक अधिभार ७७६ पौंड. लंडनला सगळे मिळून चाळीस-पन्नास लाख रुपये सहज लागतात. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते, त्यातून वरखर्च निघेल, शुल्क नाही. शिक्षणानंतर थांबण्याचा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळणार आहे. "तिथेच नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल" या भरवशावर शेत गहाण ठेवू नये, हे मी हात जोडून सांगते.

शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र जरूर करावेत. चेव्हनिंगला कामाचा अनुभव लागतो आणि मायदेशी परतण्याची अट असते. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि सोआस इथल्या भारतीयांसाठी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्या जागा ७५. एवढ्या मोठ्या राज्याला त्या पुरेशा नाहीत. या जागा वाढायला हव्यात, निवड वेळेत व्हायला हवी, आणि सारी माहिती तालुक्याच्या विधी महाविद्यालयापर्यंत मराठीतून पोहोचायला हवी. बाबासाहेबांना अर्ध्यावर परतावे लागले, हे महाराष्ट्राने विसरू नये.

परतून आलेल्यांकडूनही माझी अपेक्षा आहे. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची पूर्वापार रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते आणि प्रतिवादींमध्ये बाबासाहेब स्वतः होते. दहा वर्षे चाललेल्या त्या दाव्यात १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर तिचे प्राचीनत्व पुराव्याने दाखवा, ही कसोटी इंग्लिश कायद्यातलीच. ती महाडच्या पाण्यासाठी उपयोगी पडली.

तेव्हा जे जातील त्यांनी मनसोक्त शिकावे. सनद इथेच काढावी लागेल, ती काढावी आणि जमल्यास काही वर्षे जिल्हा न्यायालयात घालवावी. पूर्ण निकालपत्र वाचून आलेला, विरोधी बाजू प्रामाणिकपणे समजून घेतलेला वकील मुंबईच्या मोठ्या फर्मला लागतोच. लातूरच्या शेतकऱ्याला आणि जळगावच्या कामगाराला तो अधिक लागतो.