घुंगरू वाजले, दार उघडा!



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुत्रा असेल. नसल्यास शेजारी तरी असेलच. पिल्लू घरी आले की पहिले काही दिवस सारे घर त्याच्या कौतुकात असते. मग एके दिवशी सतरंजीवर ओला डाग दिसतो आणि कौतुक संपते. कोणी पिल्लाचे नाक त्या डागावर घासतो, कोणी वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका देतो. "त्याशिवाय ते शिकायचे नाही," असे मोठी माणसे ठामपणे सांगतात. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मी फार शहाणा आहे म्हणून नव्हे, तर हीच चूक मी स्वतः केली आहे म्हणून ते सांगतो.

आमच्याकडे मोत्या आला तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. संध्याकाळी मी कॉलेजातून परते, कोपऱ्यातला डाग पाही आणि त्याला रागावे. दोनदा तो डोळ्यांदेखत सापडला, तेव्हा फटकाही दिला. तो कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन बसे. मी घरच्यांना म्हणे, "पाहा, चूक कळली त्याला!" पंधरा दिवसांनी डाग दिसेनासे झाले. मी खूश! पुढे झाडलोटीसाठी खाट सरकवली तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. मोत्या आता खाटेखाली जात होता. तो शिकला होता, यात शंका नाही. पण काय शिकला होता? 'घरात लघवी करू नये' हे नव्हे, तर 'या माणसासमोर करू नये' हे!

प्रयोगशाळेत एखाद्याचे वाचन चुकले, तर मी त्याला उपकरणाला दोष देऊ देत नाही. आधी शून्य त्रुटी तपास, मग तुझी पद्धत तपास, असे सांगतो. घरी मात्र मी उपकरणालाच फटके देत होतो.

आता यातली कारणे पाहू. एखाद्या कृतीचा परिणाम लगेच, म्हणजे एकदोन सेकंदांत मिळाला, तरच कुत्रा त्या दोहोंची सांगड घालू शकतो. दुपारच्या डागाबद्दल संध्याकाळी शिक्षा केली, तर त्याच्या लेखी ती डागाची शिक्षा नसतेच; तो फक्त घरी आलेल्या माणसाला भिऊ लागतो. मग तो 'अपराधी' चेहरा? अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की कुत्र्याचा तो चेहरा त्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. मी ज्याला पश्चात्ताप समजत होतो, ती भीती होती.

पुढचे काम नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने हाती घेतले. तिने दाराच्या कडीला मोत्याच्या नाकाच्या उंचीवर घुंगरांची माळ बांधली. पहिले दोन दिवस एवढेच केले: मोत्याचे नाक माळेला लागून आवाज झाला, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा. तिसऱ्या दिवसापासून दर खेपेस बाहेर नेण्यापूर्वी ती दाराशी थांबे. त्याने माळ हलवली, की लगेच दार उघडायचे, ठरलेल्या झाडापाशी न्यायचे आणि काम उरकताच तिथेच शाबासकी द्यायची. शिवाय तिने एक वही केली. मोत्या केव्हा उठला, केव्हा जेवला, केव्हा बाहेर गेला, हे सारे वेळेसह लिहिले. चार दिवसांत वहीतून नियम दिसू लागला: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला बाहेर जावे लागतेच. लहान पिल्लाला लघवी फार वेळ रोखून धरता येत नाही. म्हणून ती वेळ आपण आधी ओळखायची. अकराव्या दिवशी दुपारी कोणी दाराकडे फिरकलेलेही नसताना माळ वाजली.

"म्हणजे हा पावलोव्हचा प्रयोग!" असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. रशियातील इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की अन्नापूर्वी नेहमी ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. तिथे आवाज माणूस करतो आणि कुत्र्याची लाळ आपोआप सुटते. आमच्या दाराशी आवाज कुत्रा करतो आणि उठावे लागते माणसाला! हे उदाहरण अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मांजरांच्या जवळचे आहे. १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी मांजरांना खटका दाबून किंवा दोरी ओढून उघडणाऱ्या पेट्यांत ठेवले. ज्या कृतीने दार उघडे, ती कृती मांजर पुढील खेपांना हळूहळू लवकर करू लागे. जिचे फळ चांगले, ती कृती पुन्हा घडते. पहिल्या प्रकाराला अभिजात अभिसंधान म्हणतात, तर या दुसऱ्या प्रकारातून साधक अभिसंधानाची कल्पना पुढे आली.

थोड्याच दिवसांत मोत्या नुसते हुंदडायला जाण्यासाठीही माळ वाजवू लागला. "लबाड झाला," असे मी म्हणणार होतो. पण वहीत पाहिले, तर दोनदा मीच त्याला बाहेर नेऊन चेंडू खेळवला होता. म्हणजे इशाऱ्याचा दुसरा अर्थ आम्हीच त्याला शिकवला होता. यावर उपाय सोपा निघाला. माळ वाजली की साखळी लावून त्याच झाडापाशी पाच मिनिटे उभे राहायचे, खेळायचे नाही, आणि परत यायचे. खेळाची वेळ वेगळी. आठवड्यात खोटे इशारे पुष्कळ कमी झाले. मात्र एक लक्षात ठेवा: नीट शिकलेला कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला, तर तो आजारी असू शकतो. त्याला रागावू नका, पशुवैद्याकडे न्या.

या प्रयोगातून मला पटलेली गोष्ट अशी, की इशारा शिकवणे हे निम्मेच काम आहे. इशारा झाल्यावर उठून दार उघडणे हे उरलेले निम्मे. दहा वेळा माळ वाजली आणि कोणी उठले नाही, तर अकराव्या वेळी कुत्रा ती वाजवणार नाही. तो खाटेखाली जाईल.

शिक्षक मित्रांना येथे एक विनंती करावीशी वाटते. वर्गात एखादे मूल करंगळी वर करते, तोही इशाराच असतो. "आत्ताच कशी आठवण झाली?" असे चारचौघांत विचारले, की ते मूल करंगळी वर करणे सोडते; तासभर अवघडून बसते, फळ्यावरचे त्याला काही दिसत नाही. प्रश्न विचारण्यासाठी वर आलेल्या हाताचेही तसेच. वर्ग शांत झाला म्हणून आपण समाधान मानतो. पण ती शांतता माझ्या घरच्या त्या पंधरवड्यासारखी नाही ना, हे खाट सरकवून पाहिले पाहिजे.

मित्रहो, घरी पिल्लू असेल तर एक वही घाला. रोजच्या वेळा लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडतो ते पाहा. पिल्लू चुकले, तर वहीत आधी स्वतःची चूक शोधा. बहुधा ती सापडेल. आणि घुंगरू वाजले, की हातातले काम बाजूला ठेवून आधी दार उघडा.